सात नंबरचं टोकन

द्वारका, नाशिक
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

पूजा वहिनी,

पाकिटावर 'सौ.' लिहिलं आहे. लिहू की नको यात दोन पाकिटं वाया गेली. चुकलं असेल तर तुम्ही खोडा. मला खोडायचा अधिकार नाही.

तुम्ही तुमच्या फोनवर माझा नंबर ब्लॉक करून बंद केला आहे हे मला माहीत आहे. तो सुरू असता तरी मी घरातून फोन केला नसता. हे पत्र क्लासच्या मागच्या बाकावर बसून लिहितेय. जुलैपासून मी नाशिकला येते. दिंडोरीहून साडेनवाची एसटी, निमाणीला उतरून रिक्षाने द्वारका. कॉम्प्युटर नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. शिकवणाऱ्या शहनाज मॅडमना सांगून ठेवलंय की एखादं पत्र त्यांच्या पत्त्यावर येईल. पत्ता पाकिटामागे आहे.

मला तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायची आहे. माफी नंतर मागेन. आधी मागितली तर तुम्ही चिडून पत्र ठेवून द्याल आणि गोष्ट राहून जाईल. तेवीस नोव्हेंबरच्या बैठकीत माझी माफी तुमच्या काही कामाची नाही.

बैठकीचं मला कळलं आहे. पुंजाकाका परवा दुकानात आप्पांना सांगत होते, "दोन्हीकडची पाच-पाच माणसं नामपूरला बसवू, कागद करू, सोमनाथला मोकळं करू. पोरीनं नांदता नांदता दुसरं स्थळ बघितलं, हे कारण लिहायचं म्हंजी कुणी आपल्याकडं बोट दाखवायला नको." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. द्राक्षछाटणीचे दिवस आहेत, बागेच्या औषधाला गर्दी असते. त्या दोघांनी ऐकलं, म्हणजे आता सगळ्या दिंडोरीने ऐकलं.

वहिनी, ते तुम्ही बघितलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी चार वेळा तेच सांगितलंत आणि कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

तेरा एप्रिलला, रविवारी, घरातल्या कुठल्या फोनवर काय उघडलं याची जी यादी आप्पांनी सगळ्यांसमोर वाचली ती राऊटरमधून निघाली होती. राऊटर म्हणजे जिन्याखालचा दोन शिंगांचा पांढरा डबा. तुम्ही त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि तो तापतो म्हणून मी काढला, तो. घरातला कुठलाही फोन नेटवर जातो तो या डब्यातून.

तुमच्या माहेरगावचे लहानूबाबा कांदा घेऊन नामपूरच्या बाजार समितीत जातात तेव्हा गेटवर टोकन मिळतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आज सात, उद्या एक्केचाळीस. आत गेल्यावर कुणी "लहानूबाबा" अशी हाक मारत नाही, "टोकन सात" म्हणतात. राऊटर हा तो गेटवाला समजा. फोन घरात आला की गेटवर नंबर मागतो आणि डबा देतो. या नंबर वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, आणि नंबराला आयपी पत्ता. तो असा दिसतो: १९२.१६८.१.७. पहिले तीन आकडे घरातल्या सगळ्या फोनना सारखे, ते बाजार समितीच्या नावासारखे. शेवटचा सात, ते टोकन.

टोकन कायमचं नसतं. आपला डबा जुना आहे. लाईट गेली की तो सगळं विसरतो, आणि लाईट आली की जो फोन आधी येईल त्याच्या हातात मोकळा असलेला नंबर ठेवतो. बारा एप्रिल हा शनिवार होता. काही शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या दिवशी साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत नव्हती. सकाळी सात नंबर तुमच्याकडे होता. दुपारी तो दुसऱ्या फोनकडे गेला.

स्थळं जुळवायची ती वेबसाईट दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उघडली गेली. सात नंबरवरून. आणि मी सात हा आकडा बघून यादीत तुमचं नाव लिहिलं.

क्लासमध्ये डीएचसीपीचा धडा झाला तेव्हा मला हे कळलं.

दुपारी सात नंबर कुणाकडे होता ते लिहायला आज हात होत नाही. शहनाज मॅडम पंखे बंद करताहेत.

तेजल


शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

काल मॅडमनी तुमचं कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली मी पोरांना ईमेल कसा जातो ते शिकवतेय, आणि माझ्याच क्लासला पोस्टकार्ड यावं! कुणाचं गं, सासरचं का?"

मी म्हटलं, "माहेरचं, मॅडम. म्हणजे माझ्या वहिनींच्या माहेरचं."

त्या हजेरी घ्यायला वळल्या.

कार्डावर खुशाली नाही, माझं नाव नाही, तुमचं नाही. एकच ओळ. 'टोकन देताना गेटवाला ट्रॅक्टरची नंबर प्लेट लिहून घेतो. तुमचा डबा घेतो का?'

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. हो वहिनी. घेतो.

प्रत्येक फोनला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. बारा खुणा, काही आकडे, काही इंग्रजी अक्षरं, दोन-दोनच्या जोड्यांत. तुमच्या बाबांच्या ट्रॅक्टरवर एमएच एक्केचाळीस आहे ना, तसा. टोकन रोज बदललं तरी पाटी तीच. नव्या फोनना खोटी पाटी लावून गेटवर येता येतं, पण आपल्या घरातले हे दोन्ही फोन, तुमचा आणि दुपारी सात नंबर मिळालेला, तसं करत नाहीत. मी तपासलं आहे. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये जा, अगदी तळाला फोनविषयी माहिती असते, तिथे वाय-फायचा पत्ता बघा. शेवटची जोडी 'बी १' असेल. नसेल तर मला लगेच कळवा, कारण मग माझं सगळं चुकलं.

डबा हे सगळं ओळीने लिहून ठेवतो, किती वाजता, कुठल्या पाटीला, कुठलं टोकन. त्या नोंदींना लॉग म्हणतात. लाईट गेली की लॉगही पुसला जातो, म्हणून मी दर रविवारी तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची. तेरा एप्रिलचा माझ्याकडे आहे. त्यात दोन ओळी आहेत. एक वाजून बावन्न मिनिटांनी, पाटी '४ ई', टोकन सात. एक अठ्ठावन्नला, पाटी 'बी १', टोकन नऊ. बी १ तुम्ही. म्हणजे दोन दहाला तुम्ही नऊ नंबरवर होतात.

४ ई हा सोमनाथदादाचा फोन आहे.

लिहिलं. आता बाकीचं लिहिता येईल.

तुम्हाला वाटत असेल, या मुलीला ही यादी करायची बुद्धी कुठून झाली. मार्च महिन्यात नेट फार हळू चालायला लागलं होतं. आप्पा म्हणाले, "तेजू, एवढं वापरतं कोण, बघता येतं का?" मी म्हटलं येतं. पायाच्या ऑपरेशनांमुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला माहीत आहे. गल्ल्यामागच्या स्टुलावर आप्पांनीच मला शिकवलं. शेतकरी येऊन म्हणायचा, बागेत पानं पिवळी पडलीत, औषध द्या. आप्पा विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकीव रोगावर औषध दिलं की बाग जळते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वहीला त्यांनी मधोमध रेघ मारून दिली होती. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. दिवसभरात जे काही होईल ते त्या-त्या बाजूला लिहायचं. मी अजून तशाच वह्या वापरते.

राऊटरची यादी मी तशाच वहीत लिहिली. पहिल्या रविवारी त्यात नुसते आकडे होते. आप्पा म्हणाले, "हे पाच, सात, नऊ मला काय कळणार? माणसांची नावं घाल." मग मी एका गुरुवारी सगळ्यांचे फोन बघून कुठला नंबर कुणाचा ते लिहून काढलं आणि पुढे तेच धरून चालले. गुरुवारचं टोकन मी शनिवारी खरं मानलं. आणि तुमचं नाव डावीकडे लिहिलं. 'पाहिलं'मध्ये.

आप्पांनी तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. "पोरगी पोरांपेक्षा हुशार निघाली," म्हणाले. ते मला आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

दिवाळीत घरी फराळ होणार नाही असं आई म्हणत होती, मग स्वतःच भाजणी दळून आणली. तुमच्या हातच्या शेवेची आठवण तिने काढली आणि लगेच म्हणाली, "जळो ती शेव."

तेजल


मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. 'बी १ आहे. तुला कधी कळलं?'

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, क्लासमध्ये. ते खोटं आहे.

तुम्ही चौदा एप्रिलला पुंजाकाकांच्या जीपमधून गेलात. पुढच्या रविवारी, वीस एप्रिलला, मी यादी करायला बसले. आदल्या दिवशी लाईट गेली नव्हती, नोंदी आठवडाभराच्या होत्या, आणि सात नंबर यादीत होता. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी दोनदा. तीच वेबसाईट. तुम्ही नामपूरला होतात, तुमचा फोन नामपूरला होता, आणि सात नंबर आपल्या घरात स्थळं बघत होता.

हे कळायला क्लास लागत नाही. मला त्या क्षणी कळलं. मी लॉग उघडून पाटी बघितली आणि लॉग बंद केला. यादीतून त्या चार ओळी गाळल्या. आप्पांना वही दिली. ते म्हणाले, "आता शांत झालं बघ सगळं."

दर रविवारी ठरवत होते की आज सांगायचं. एकदा आईला म्हणायला गेले, "वहिनींचं कदाचित चुकलं नसेल." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुझ्याच डब्यानं सांगितलं ना? मग आता डब्याला विचार, मला कशाला विचारतेस?" जूनमध्ये मी दादाला विचारलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तो फोनवर बोलून खाली जायला निघाला होता. मी म्हटलं, "दादा, सात नंबर तुझा होता."

तो म्हणाला, "कसला सात नंबर?"

"बारा एप्रिलचा."

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "तुला नाशिकला क्लासला जायचंय ना? आप्पा पाठवत नाहीत म्हणून रडत होतीस. मी बोलतो त्यांच्याशी." जिन्यात दोन पायऱ्या उतरून परत वर आला. "चार वर्षं झाली, तेजू. घरात पाळणा हलला नाही. मी नुसतं बघत होतो. बघण्यात काय जातं?"

एक जुलैपासून माझा क्लास सुरू झाला. ही साडेनवाची एसटी, हा बाक, मी तुम्हाला ज्या शब्दांत समजावते आहे ते शब्दसुद्धा, सगळं त्या गच्चीवरून आलं आहे. दादाने मला गप्प राहा असं एकदाही म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. रोज संध्याकाळी एसटी दिंडोरीकडे वळली की ठरवते की उद्या यायचं नाही, आणि रोज सकाळी मी परत त्याच एसटीत बसते, कारण नाही बसले तर का नाही बसले ते सांगावं लागेल.

क्लासमध्ये टर्मिनल शिकवतात. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण, चित्र वगैरे काही नाही. त्या खुणेला प्रॉम्प्ट म्हणतात. ती उघडझाप करते म्हणजे मशीन तुमच्या आज्ञेची वाट बघत असतं. एक आज्ञा आहे, पिंग. दुसऱ्या मशीनला फक्त एवढं विचारायचं की आहेस का. ते 'आहे' म्हणतं आणि किती वेळात म्हणालं तेही कळतं. उत्तर आलं नाही तर पडद्यावर येतं, वेळ संपली. शहनाज मॅडम सांगतात, वेळ संपली म्हणजे समोरचं मशीन मेलं असं समजू नका. ते असतं, ऐकत असतं, त्याने अनोळखी हाकेला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं. मला टर्मिनल आवडतं कारण ते अंदाज करत नाही. चुकीची आज्ञा दिली तर सरळ सांगतं, अशी आज्ञा नाही. माझ्यासारखं स्वतःच्या मनाने नाव घालत नाही.

यासोबत लॉगचे दोन कागद आहेत, क्लासच्या प्रिंटरवर काढलेले. दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली आहे.

बैठकीत ते विचारतील, 'तुझ्याच फोनवरून उघडलं, डब्यात आलंय.' तुम्ही विचारा, डब्यात टोकन आलंय की पाटी? ते म्हणतील, 'हे यंत्राचं आम्हाला काय सांगतेस?' तुम्ही बाजार समितीचं सांगा. तिथे बसलेल्या प्रत्येकाने गेटवर टोकन घेतलेलं आहे. आणि शेवटी दादाला म्हणा, फोन काढा, सेटिंग उघडा, शेवटची जोडी वाचा. एवढंच. आवाज चढवू नका, तुमचा आवाज चढला की आपल्याकडची माणसं फक्त आवाजाबद्दल बोलतात.

एक प्रामाणिकपणे सांगते. लॉगमध्ये एवढंच असतं की अमुक पाटीच्या फोनने अमुक वेबसाईटचा पत्ता विचारला. नावावरून पत्ता शोधून देणारी एक मोठी यादी नेटवर असते, डीएनएस, तिला विचारल्याची ती नोंद. फोन कुणाच्या हातात होता, त्याने आत काय बघितलं, हे डबा सांगत नाही. कुणी हे विचारलं तर तुम्हीही ते मान्य करा. मी केलं तसं करू नका.

माफी मागायची होती. आता जागा संपली असं लिहिणार होते, पण मागे अर्धं पान कोरं आहे. ते तसंच पाठवते.

तेजल


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वहिनी,

घाईत आहे. शहनाज मॅडम खाली दुकानात बसल्या आहेत, आप्पा त्यांना चहा पाजताहेत. परीक्षेच्या फॉर्मवर सही हवी म्हणून त्या स्वतः दिंडोरीला आल्या. फॉर्म वर पाठवलाय, त्याच्या घडीत हे पत्र जाईल.

माझा क्लास आठवड्यापासून बंद आहे. एप्रिलच्या लॉगमधल्या पाट्या आजच्या डब्याशी ताडून बघाव्यात म्हणून मी घरून राऊटर उघडला. कोण कधी आत शिरलं हेही लॉगमध्ये उमटतं, हे मीच दादाला शिकवलं होतं. त्याने वाचलं. डब्याचा पासवर्ड बदलला. माझ्या फोनची पाटी नकाराच्या यादीत घातली, म्हणजे माझा फोन गेटवर आला की डबा त्याला टोकन देत नाही. फोनचं सिमही आईकडे आहे. आप्पांना त्याने नुसत्या अंदाजाने एवढंच सांगितलं की तेजू क्लासच्या नावाखाली भलतीकडे पत्रं टाकते. आप्पांनी मला विचारलं नाही. पाहिलंस की ऐकलंस, असं त्यांनी दादालाही विचारलं नाही.

जेवताना दादा म्हणाला, "आमच्या घरची फौजदारीण आता सुट्टीवर." आई हसली. मीही हसले असेन.

कोऱ्या अर्ध्या पानाचं मला रोज आठवतं. तेवीसला मला घरी एकटी ठेवणार नाहीत, म्हणून नामपूरला नेणार आहेत. मी आत बायकांत असेन. तुम्ही माझं नाव घेतलंत तर मी काय करेन ते मला माहीत नाही. म्हणून ते घेऊ नका. कागद पुरे आहेत.

ते


दिंडोरी
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

पूजा वहिनी,

काल तुमच्या घरी तुम्ही मला पाण्याचा तांब्या दिलात. नंतर तुम्ही ओट्यावर होतात आणि मी आत, तुमच्या आईशेजारी. म्हणून मला तुमचा आवाज ऐकू आला, चेहरा दिसला नाही. आतून कसं होतं ते सांगते.

पुंजाकाकांनी कागद वाचायला सुरुवात केली. 'नांदत असताना परस्थळाचा शोध' या शब्दांपाशी तुमची आई माझ्या हाताकडे बघत होती. मी तिच्या घरचा कप धरून बसले होते. मग तुमचा आवाज आला. तुम्ही अगदी हळू बोलत होतात. तुम्ही तो कागद हातात घेतलात तेव्हा घडीचा आवाजसुद्धा आत आला. तुम्ही टोकन म्हणालात, पाटी म्हणालात, शनिवारची लाईट म्हणालात. माझं एकही वाक्य तुम्ही वापरलं नाहीत. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

लहानूबाबा म्हणाले, "टोकन आजनं, पाटी कायमनी. हाई तं माले बी समजनं."

आतून तुमची आत्या ओरडली, "मंग पाटी दखाडा ना!"

बायका हसल्या. दादा म्हणाला, "बॅटरी उतरलीय फोनची." तुमचे बाबा म्हणाले, "चार्जर शे ना घरमा."  मी मोजत होते, पिंग टाकल्यावर मोजतात तसं. उत्तर आलं नाही.

मग पुंजाकाका बोलले. "अहो, कागदाचं काय घेऊन बसलात! छापला तसा छापला. उद्या मी सातबारा छापून आणतो, गंगापूर धरण माझ्या नावावर हाय म्हून. हे पोरीला कुणी शिकवलं? कुणी दिलं?"

आणि तुम्ही म्हणालात, "बाजार समितीच्या गेटवर शिकले."

वहिनी, तुम्ही मला वाचवत होतात. मी लिहिलं होतं नाव घेऊ नका, आणि तुम्ही घेतलं नाहीत. कागद खोटा ठरत होता तरी घेतलं नाहीत. मी कप खाली ठेवला. तो कलंडला, तुमच्या आईच्या लुगड्यावर चहा सांडला असेल, त्यांना सांगा. दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. माझा पाय लंगडतो ते सगळ्यांना दिसणार हे मला तेवढ्यात सुचलं.

बाहेर आल्यावर मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. कागद मी काढला. यादी मी केली. नाव मी घातलं. दादा उठला, "आत हो," म्हणाला. मी आप्पांकडे बघत होते. ते खाटेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी मान वर केली नाही, पण विचारलं. गल्ल्यामागे विचारायचे त्याच आवाजात.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"आकडा पाहिला, आप्पा. नाव पाहिलं नव्हतं."

त्यांनी टोपी घातली. पुंजाकाकांच्या हातातला कागद मागून घेतला आणि ती ओळ स्वतः पेनाने खोडली. पुढे तुमच्या बाबांनी 'मुलीचा दोष नाही' असं लिहायला लावलं, ते तुमच्या हातात आहे. तुम्ही फारकतीच्या त्या कागदावर सही केलीत. घरी परत येणार का असं कुणी तुम्हाला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते तुमच्या तोंडावर दिसत होतं. निघताना तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. त्याचा अर्थ मी लावत नाही.

जीपने परत निघालो. सटाण्याला डिझेल भरलं. दिंडोरी आली तेव्हा दादा उतरून सरळ गच्चीवर गेला.

आज सकाळी आईने मला हाक मारली नाही, फक्त चहा ठेवला. क्लासचं नाव निघालं नाही, निघेल असं वाटत नाही. सिम आईकडेच आहे. डब्याच्या लेखी मी अजून नकाराच्या यादीत आहे. वरच्या खोलीचं दार उघडं असतं, जिना उतरून मी कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी आप्पांनी दुकानात बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी यादीची वही काढली आणि एप्रिलचं पान माझ्यासमोर ठेवलं. तुमचं नाव डावीकडच्या रकान्यात होतं, माझ्या चांगल्या अक्षरात. मी खोडायला पेन उचललं.

"काळं करून टाकू नको," ते म्हणाले. "एकच रेघ मार. काय चुकलं होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिही."

मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'सात'. खाली वीस एप्रिलचं पान आलं, तिथे गाळलेल्या चार ओळी लिहिल्या, तारखांसकट. त्यांनी त्या बोट ठेवून वाचल्या.

"आणि नाव?" त्यांनी विचारलं.

"फोनचं लिहिते. हातात कुणाच्या होता ते मी पाहिलेलं नाही."

'फोन सोमनाथचा', असं लिहिलं. 'ऐकलं'च्या बाजूला गच्चीवरचं त्याचं बोलणं लिहिलं, जसंच्या तसं. क्लासचंही. आप्पांनी ते सगळं वाचलं. मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तिनं चार वेळा सांगितलं होतं ना?" मी हो म्हटलं. "ते कुठं लिहिलंयस?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी आज लिहिलं. तेरा एप्रिल, 'ऐकलं': मी नाही, मी नाही, मी नाही, मी नाही.

कोऱ्या पानावर मला हेच लिहायचं होतं, वहिनी. मी ऐकलं होतं.

हे पत्र घडी घालून लपवणार नाही. पाकीट उघडं ठेवून गल्ल्यावर ठेवते, पत्ता लिहून. 'सौ.' लिहिलेलं नाही, नुसतं पूजा. आप्पांनी ते वाचून टाकावं, न वाचता टाकावं, की औषधांच्या खोक्यात ठेवावं, ते त्यांचं. मला बाहेर जाता येत नाही, आणि घरात दुसरं कुणी पोस्टाकडे जात नाही.

म्हणून हे तुमच्या हातात आलं असेल, तर ते त्यांनीच पेटीत टाकलं आहे.

तेजल